हात मोकळे करून या

माझी मावशी माणसांना विमानात बसायला शिकवायची. स्वतः ती कधीच विमानात बसलेली नाही. वर्गात हे कोणाला ठाऊक नाही, अशी तिची पक्की समजूत होती.

आमच्या शहराच्या टोकाला जुन्या गोदामांची रांग आहे. सीमेपलीकडून जीव मुठीत धरून आलेली माणसं तिथे राहतात. त्यातल्या काहींना लांबचे देश कायमचं राहायला बोलावून घेतात. बोलावणारा देश एक असतो, तपासण्यांचा आणि प्रवासाचा खर्च उचलणारे देश वेगळेच असतात, आणि ही सगळी मोट बांधणारं कार्यालय आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत आहे. निघायच्या आधी प्रत्येकाने तिथल्या वर्गात बसायचं, असा नियम. विमानात कसं बसायचं, पट्टा कसा लावायचा, उतरल्यावर कुठल्या खिडकीपाशी काय बोलायचं, सगळं तिथे शिकवतात. तो वर्ग मावशीचा. वस्तीत तिला सगळे विमानबाई म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

आई कामावरून उशिरा येते, म्हणून शाळा सुटली की मी थेट मावशीच्या वर्गात, शेवटच्या रांगेत, गृहपाठ मांडीवर. गृहपाठाचं विचारू नका. आवाज मात्र सगळ्यांचे पाठ झाले.

मावशीचा घरचा आवाज एका दमाचा. "अगं ए ते पातेलं उतरव नाहीतर करपेल आणि मग तुझी आई माझ्याच नावाने बोंबलेल!" वर्गात मात्र तीच मावशी प्रत्येक शब्दाला स्वतंत्र खुर्ची द्यायची. "आता. आपलं. विमान. वर. जातंय. कोणी घाबरायचं नाही. कानात दडे बसतील. लाळ गिळा. गिळा सगळ्यांनी!" आणि खोलीभर माणसं एकदम आवंढा गिळायची. तो आवाज मी घरी काढून दाखवला की आई हसून हसून भिंतीला टेकायची.

वर्गात प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, दोन-दोनच्या रांगा, मधून वाट. डाव्या भिंतीवर मावशीने खडूने गोल खिडक्या काढल्या होत्या. आणि प्रत्येक खुर्चीला पट्टा होता. खराखुरा, भंगारातल्या गाड्यांचा काढून आणलेला, बकलासकट. ते पट्टे खुर्च्यांना शिवून दिले शिंपीकाकांनी.

शिंपीकाका पहिल्या गोदामाच्या दारात पायमशीन मांडून बसायचे. वस्तीतलं एकूण एक फाटकं त्यांच्याकडे यायचं. त्यांचं बोलणं मशीनसारखंच. थोडं पळायचं, अडायचं, मागे यायचं, पुन्हा पळायचं. "बाई, ही टीप, ही टीप आहे ना, ही हत्ती, हत्ती बांधला तरी सुटायची नाही." काकू अगदी उलट्या. त्यांची जीभ म्हणजे कात्री. मशीनला त्या सवत म्हणायच्या. "आमचं लग्न झालं तेव्हा ही आधीच घरात होती. तिकडून पळालो तेव्हा यांनी एका हाताने मला धरलं आणि दोन्ही हातांनी हिला."

"एका आणि दोन, तीन हात झाले की काकू," मी म्हटलं.

"तेच तर! मला धरलेला हात कुठून आला, मी अजून शोधतेय."

त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन आधीच एका लांबच्या देशात गेली होती. तिनेही मावशीच्याच वर्गात लाळ गिळली होती. आता त्या देशाने आईबापांनाही बोलावलं. काका-काकू वर्गाला आले तेव्हा काकांनी खडूच्या खिडकीजवळची खुर्ची धरली आणि बसल्याबसल्या आपलीच शिवण ओढून पाहिली.

आता मावशीचा तो नियम सांगायला हवा.

फार पूर्वी तिच्या वर्गातल्या एका आजीने सामानात लोखंडी तवा, खलबत्ता आणि दाराची कडी घातली. कडी कशाला, तर म्हणे घर परत मिळालं तर लागेल. विमानतळावर पिशवी फाटली, तपासणी झाली, भांडण झालं, विमान गेलं. ते अख्खं घर पुन्हा गोदामात येऊन पडलं आणि साहेबांनी मावशीला झाडलं. कार्यालयाचे प्रमुख ते साहेब. त्यांचा आवाज काढायचा तर नाक चिमटीत धरावं लागतं आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'असो' म्हणावं लागतं. "बाई, सामानाचं शिकवणं तुमच्याकडे आहे. असो. पुन्हा होता कामा नये. असो."

तेव्हापासून मावशीने ठरवलं. शेवटच्या तासाला येण्याआधी जड सामान कोणाला तरी देऊन टाकायचं. "हात मोकळे करून या," ती सांगायची. आणि शेवटच्या तासाला एकेकाने उभं राहून, आपण काय दिलं आणि कोणाला दिलं, ते मोठ्याने बोलायचं. मग टाळ्या. टाळ्या मावशी सुरू करायची. हा नियम कार्यालयाचा नव्हता. कार्यालयाचं म्हणणं एवढंच, की वजन अमुकपेक्षा जास्त नको. तिकीट हातात आल्यावर सामान दिलं असतं तरी चाललं असतं.

हेच काकूंनी विचारलं होतं. माझ्यासमोर.

"बाई, तिकीट आल्यावर देऊ की सवतीला. तोवर चार कपडे शिवून होतील."

"तिकीट आलं की धावपळ होते काकू. मग कोणी बॅगेत कोंबतं, कोणी रडतं. आत्ताच द्या. मन तयार होतं."

"मन तयारच आहे हो. पोटाचं विचारते."

"अहो, आता राहिलंय काय? सगळ्या तपासण्या झाल्या. तुमचं झालंच समजा!"

काका मध्ये पडले. "बाई म्हणतायत तर, म्हणतायत तर देऊ. बाईंना कळतं."

शेवटच्या तासाला काका उभे राहिले. दाढी केलेली, सदऱ्याला ताजी इस्त्री. "मी मशीन दिली. ती नवी आलेली, दोन लेकरं असलेली, नवरा तिकडेच गेलेला, तिला. तेलाची, तेलाची बाटलीसुद्धा दिली."

मावशीने टाळी वाजवली आणि खोली दणाणली. काकू बसूनच म्हणाल्या, "सवत गेली एकदाची. आता हे माझ्याकडे बघतील तरी," आणि हशा पिकला. काका लाजून खाली बसले आणि चुकून पट्टा लावून घेतला.

पुढच्याच आठवड्यात मी शाळेतून आले तर कार्यालयाच्या बाहेरच्या भिंतीवर रंगारी शिडीवर. त्या भिंतीवर पैसे देणाऱ्या देशांचे झेंडे रंगवलेले होते. त्यातला सगळ्यात मोठा झेंडा तो पांढऱ्याने पुसत होता. मावशी खाली उभी.

"बाई, नुसतं पांढरं करू का इथे दुसरा कोणता काढायचाय?"

"मला काय विचारता?"

"नाही, जागा मोठी आहे. दोन लहान देश बसतील."

झालं होतं ते असं. त्या मोठ्या देशात सरकार बदललं आणि नव्या सरकारने एका सहीत हात काढून घेतला. काका-काकूंना बोलावणारा देश दार उघडून उभाच होता. पण तपासणारे डॉक्टर, सोबत जाणारा माणूस, विमानातल्या जागा, सगळं त्या मोठ्या देशाच्या जिवावर चाललेलं. मुलगी फोनवर म्हणाली, मी काढते तिकीट. साहेबांनी नाकातून समजावलं, "तसं एकट्याने तिकीट काढून जाता येत नाही. कागद आमच्यामार्फतच जातात, आणि आमच्याकडे माणसंच ठेवलेली नाहीत. असो."

मग बाकीच्या देशांची पडद्यावर बैठक झाली. साहेबांच्या खोलीचं दार नीट लागत नाही, ही देवाची कृपा. एकजण घसा साफ करून म्हणाला, आम्हाला अत्यंत चिंता वाटते. एक बाई म्हणाल्या, आम्ही परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवून आहोत. तिसऱ्याने आठवण करून दिली, की मागच्या थंडीत आम्ही गाद्या दिल्या होत्या. चौथ्याचा आवाज बंद होता. तो बराच वेळ मनापासून काहीतरी बोलत होता आणि सगळे "ऐकू येत नाही, ऐकू येत नाही" म्हणत होते. बहुतेक तोच देणार होता.

रात्री जेवताना मी एकेक देश करून दाखवला. आई हसली. मावशी हसली नाही.

"आपल्या लिफ्टसारखं आहे हे," ती म्हणाली.

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली तेव्हा तळमजला म्हणाला, आम्ही कुठे वर जातो? पहिला म्हणाला, चढणं तब्येतीला चांगलं असतं. दुसरा म्हणाला, चौथा देईल तर आम्ही देऊ. सगळ्यांना वाईट मात्र फार वाटत होतं. रोज जिन्यात भेटून वाईट वाटून घ्यायचे. मावशी चौथ्या मजल्यावर राहते आणि तिचे गुडघे गेलेले आहेत.

"होईल काहीतरी," आई म्हणाली.

"होईल गं. पण तोवर ते खातील काय? मशीन मी द्यायला लावली."

"त्यांनी विचारलं नव्हतं का तुला?"

"विचारलं होतं," मावशी म्हणाली. "तेच तर."

काका पहिल्या गोदामाच्या दाराशी येऊन बसायचे. जागा तीच, समोर काहीच नाही. पाय मात्र हलत असायचे, मशीनच्या पावटीवर असल्यासारखे. मला त्यांची नक्कल अगदी हुबेहूब येते, पण ते पाय मी घरी करून दाखवले तेव्हा आई म्हणाली, पुरे.

एके दिवशी मावशीने मला सोबत घेतलं आणि काकांची मशीन जिला मिळाली ती राहायची त्या शेवटच्या गोदामाकडे निघाली. वाटेत पाठ केल्यासारखी पुटपुटत होती. "हे बघ बाळ, परिस्थिती बदलली. तू समजून घे. तुला दुसरं काहीतरी बघू आपण." तीनदा म्हणाली, तीन वेगवेगळ्या आवाजांत. एकही तिचा वाटत नव्हता.

ती मुलगी, तिला मुलगीच म्हणायला हवं, एखाद्या कॉलेजातल्या ताईएवढी असेल, मशीनवर होती. एक पोरगं चिंध्यांच्या ढिगावर झोपलेलं, दुसरं रिकाम्या रिळांची गाडी करून ओढत होतं. मावशीला बघितल्याबरोबर ती उठली आणि बसायचं एकुलतं एक स्टूल पुढे केलं.

"बसा ना बाई."

"नको, नको. तू काम कर. काय शिवतेस?"

"शाळेचे गणवेश. शाळेने थोडे देऊन बघितलेत. चांगले झाले तर सगळे देणार आहेत." तिने अर्धवट सदरा उलटा करून दाखवला. "ही बाही वाकडी गेली जरा. उसवून परत करते."

"छान आहे गं."

"मशीन न्यायला आलात ना?"

मावशीने ती वाकडी बाही चिमटीत धरून पाहिली.

"मला कळलं विमान रद्द झाल्याचं. त्या दिवसापासून वाट बघतेय, कोणीतरी येईल म्हणून. काका तर समोरून जातात ते मान वळवून. मी हाक मारली तर म्हणतात, चालू दे, चालू दे." बोलता बोलता तिने सुई वर घेतली, सदरा काढला, दोरा तोडला, आणि फडक्याने मशीन पुसायला लागली. अगदी तेलाच्या बाटलीचं झाकणसुद्धा घट्ट केलं. "त्यांचीच आहे. मी कोण अडवणार? फक्त एवढे दहा सदरे होऊ द्याल का? शब्द दिलाय शाळेला."

रिळांची गाडी येऊन मावशीच्या पायाला थडकली.

"मशीन न्यायला कशाला येईन मी?" मावशी म्हणाली. वर्गातला आवाज, पण फुटलेला. "तुझं बरं चाललंय का, तेवढं बघायला आले. दोरा घाल परत. घाल."

बाहेर येऊन ती गोदामाच्या सावलीत उभी राहिली. "काय तोंड घेऊन आले गं मी इथे?"

तिने मग काकांना नवी मशीन घेऊन द्यायचं ठरवलं, आपल्या लिफ्टसाठी ठेवलेल्या पैशातून. काकांनी हात जोडले. "नको बाई. वस्तीत काम, काम एकाच मशीनपुरतं. मी दुसरी मांडली तर लोक जुन्या ओळखीने माझ्याकडे येतील. ती पोरगी, पोरगी उपाशी बसेल. मग देऊन काय दिलं?"

शेवटी त्या मुलीनेच येऊन काकांना हाताला धरून नेलं. ती शिवायची, काका शेजारी जमिनीवर बसून काज-बटणं करायचे. काकू सगळ्यांना सांगायच्या, "आमचे हे सवतीकडे नोकरीला लागलेत." वस्ती हसायची. काकूही हसायच्या. काज-बटणांचे मिळतात किती, ते सगळ्यांनाच माहीत होतं.

मग वर्गच बंद झाला. खुर्च्या भाड्याच्या होत्या, त्या परत जायच्या होत्या, आणि मालकाने निरोप पाठवला की खुर्च्या जशा दिल्या तशाच हव्यात. म्हणजे पट्टे उसवायचे. मावशी ब्लेड घेऊन एकटीच बसली. थोड्या वेळाने दारात काका-काकू.

"बाई, ही टीप, ही तुमच्याने उसवायची नाही. हात कापून घ्याल."

तिघं बसली. मी निघालेले पट्टे गुंडाळत होते. काका एकेक टाका कापायचे आणि नवल करायचे. "माझीच शिवण, आणि माझा, माझा जीव काढतेय."

काकूंनी एक बकल हातात घेतलं, उघडलं, लावलं. "बाई, एक सांगू? रागावणार नाही ना? हे पट्टे उलटे आहेत."

"म्हणजे?"

"विमानातलं बकल वेगळं असतं म्हणे. वरचं झाकण उचलायचं असतं. तुम्ही बाजूचं दाबायला शिकवलंत, ते गाडीतलं. आमची पोरगी पहिल्यांदा गेली तेव्हा बराच वेळ बाजूला बोट खुपसत बसली होती. शेवटी शेजारच्या माणसाने सोडवलं. फोनवर सांगितलं तिने, पण म्हणाली, बाईंना सांगू नका."

मावशीचं ब्लेड थांबलं. "म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं? मी कधी बसले नाही ते?"

"सगळ्या वस्तीला माहीत आहे हो."

"मग माझं ऐकायचात कशाला?"

काका म्हणाले, "तुम्ही, तुम्ही इतक्या खात्रीने सांगायचात ना. बरं वाटायचं."

मावशीने मान खाली घातली. आणखी दोन टाके कापले आणि म्हणाली, "काका, मशीनचं... काकूंनी मला विचारलं होतं. तिकीट आल्यावर देऊ का म्हणून. मी..."

"राहू द्या."

"नाही, मला बोलू द्या."

"बाई, मला आयुष्यात कोणी, कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्या दिवशी वाजल्या."

"त्या मीच सुरू केल्या हो," मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज घरचाही राहिला नाही आणि वर्गातलाही.

तेवढ्यात काकूंच्या कमरेचा फोन वाजला. मुलीचा. काकूंनी बटण दाबून फोन मधल्या वाटेत, जमिनीवर ठेवला. लांबून, खरखरत आवाज आला. "बाबा, कुठे आहात?"

"वर्गात," काका म्हणाले.

"अजून वर्ग चालू आहे? म्हणजे काहीतरी हालचाल आहे ना?"

काकांनी खडूच्या खिडक्यांकडे पाहिलं. "आहे, आहे. बाईंसोबतच बसलोय."

"बाईंना नमस्कार सांगा. आणि बाबा, उशीर झाला तरी काळजी करू नका. मशीन आहे ना हाताशी, चालू ठेवा तोवर. रिकामे बसलात की तुमचे पाय दुखतात."

काकूंनी काकांकडे पाहिलं. मी मावशीकडे पाहिलं. काकांनी कोणाकडेच पाहिलं नाही.

"हो गं," ते म्हणाले, एकदाही न अडता. "चालू आहे मशीन."

फोन बंद झाल्यावर मावशी पुन्हा पट्ट्याला लागली. तो खुर्चीपासून केव्हाच सुटला होता. तरी ती त्यातले दोरे काढत राहिली, एकेक, आणि मी हात पुढे करून तो गुंडाळायला घेईपर्यंत थांबली नाही.